आठवा वाफा

लखूला मुकादम केल्याची बातमी येसाजीनं आणली, आणि अशा तोंडानं आणली की मला आधी वाटलं कुणाचा बैल मेला.

“वैनी, तुमचा लखू आता चाळीस मानसांवर. सायबानं सगळ्यांदेखत सांगितलं.”

“मग तुझं तोंड का असं? तुला चाळिसांत घेतला न्हाई व्हय?”

घेतला होता. तेच दुखत होतं. येसाजी पंधरा वर्षं जंगलखात्याच्या कामावर, माझा लेक तीन. पण लखू जे करत होता ते येसाजीला सात जन्मांत जमलं नसतं, हे मी त्याच्या हातात ताकाचा पेला देता देता सांगितलं. ताक त्यानं प्यायलं. 

ते काम काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कुळगीच्या नाल्याकाठी सरकारनं बारा वाफे घातले होते. सागाचं बी मोठं हट्टी. वर लोकरीसारखी साल, आत दगडासारखी कवटी. आज पेरलं तर महिन्यानं उगवेल, नाहीतर पुढच्या साली, नाहीतर तुमच्या नाकावर टिच्चून कधीच नाही. ते लवकर आणि भरपूर कशानं उगवतं हे साहेबाला शोधायचं होतं. म्हणून प्रत्येक वाफ्यात मोजून पाचशे बिया आणि प्रत्येक वाफ्याची तऱ्हा वेगळी. एकातल्या बिया आठ दिवस रोज भिजवून रोज वाळवलेल्या, एकातल्या पाचोळ्याच्या जाळावर शेकलेल्या, आठव्यातल्या शेणकाल्यात मुरवलेल्या. पहिल्यातल्या मात्र तशाच, काहीही न केलेल्या.

मी विचारलं, “काहीच न केलेल्या पेरायच्या कशाला? जागा वर आली का?”

लखू म्हणाला, “त्याबिगार बाकीच्यांनी काय केलं ते कळनार कसं, आये?”

मला ते तेव्हा पटलं नाही. पण रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढं ते बारा वाफेच असायचे, हे त्याची बायको केशर मला सांगायची, आणि फार काही आनंदानं सांगायची नाही.

सातवा वाफा त्याच्या स्वतःच्या डोक्यातून आला होता. हा पोरगा पहिल्यापासून वाटेत थांबणारा. बैल पुढं निघून जायचे आणि हा मागं कशाकडं तरी बघत बसलेला. आमच्या परसामागं मोठं वारूळ आहे. त्याच्या कडेला पडलेल्या सागाच्या बियांवरची लोकर वाळवी खाऊन टाकते, आणि ते बी लवकर फुटतं, असं त्याच्या नजरेला आलं होतं. म्हणून त्यानं एक गोणी तीन आठवडे वारुळाशी पुरून ठेवली, मग उकरून सातव्यात पेरली.

रोज सकाळी तो बाराही वाफ्यांतली रोपं मोजायचा, बोट मुडपून. कोवळ्या काकडीकडं, कोवळ्या रोपाकडं सरळ बोट दाखवलं की ते कुजतं. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी ह्याच कारणावरून मी त्याच्या हातावर पळी हाणली होती. साहेबाला त्या वाकड्या बोटाचं हसू यायचं म्हणे, पण आकडा बरोबर यायचा म्हणून तो गप्प बसायचा. गार्ड पुंडलिक वहीत लिहून घ्यायचा.

तर त्या साली पहिल्या वाफ्यात दीडशे रोपं आली, भिजवलेल्या-वाळवलेल्यात दोनशेच्या वर, आणि सातव्यात तीनशे नव्वद. लखूनं मोजलं, पुंडलिकानं मोजलं, साहेबानं स्वतः गुडघ्यावर बसून मोजलं. त्यावरच माघात मुकादमी आली. आता सगळं खोरं सातव्याच्या तऱ्हेनं लावायचं, तीनशे गोण्या वारुळांशी पुरायच्या, आणि चाळीस माणसांकडून ते करवून घ्यायचं लखूनं.

मी गूळ वाटला. उळवीच्या जत्रेला चाललेल्या बैलगाड्यांतल्या, नावगाव माहीत नसलेल्या बायकांनासुद्धा वाटला.

लखू ताटावर बसला आणि म्हणाला, “आठव्यात नऊच आली हुती, आये.”

“कसला आठवा?”

“वाफा. पाचशातली नऊ. काही न केलेल्यात दीडशे, आन् शेनात मुरवलेल्यात नऊ. शेन काय इख हाय? वरीस होत आलं, मला काय बी सुधरंना.”

“मुडदा बशिवला त्या आठव्याचा! तू सातव्यानं मुकादम झालास. सातव्याचं बोल.”

“सातव्याचं काय बोलायचं? ते तर उगवलं.”

साहेबाला त्यानं विचारलंही होतं, की बाराही वाफे एकदा परत घालू द्या. साहेब म्हणाला, उत्तर मिळालंय, आता वाफ्यांचं काम संपलं. मुकादम वाफ्यापाशी बसत नाही. मला साहेबाचं म्हणणं अगदी रास्त वाटलं. लखूला मात्र घास गिळवेना. एवढा मान मिळालेला माणूस असं तोंड करून का बसतो, ह्याचं मला मोठं कुतूहल वाटायला लागलं. म्हणून चार दिवसांनी त्याची भाकरी केशरच्या हाती न देता मी स्वतः घेऊन गेले.

गेले तर मुकादम खड्ड्यात आणि चाळीस माणसं काठावर.

माझा लेक पहारीनं खणतोय, घामानं निथळतोय, आणि येसाजी सावलीला विडी ओढत त्याला सांगतोय, “हितं थोडं उजवीकडं, मुकादम.” वारुळाशी गोणी पुरायचा खड्डा हातभर खोल हवा, ना कमी ना जास्त. कुणी तिरका खणला की लखू त्याच्या हातातली पहार घ्यायचा. मग ज्याची पहार घेतली तो बसायचा. असे बसता बसता सगळेच बसले होते.

त्या चाळिसांतली फुला मला बघून पदराआड हसली. “चंद्राक्का, तुमचा ल्योक लई चांगला मुकादम हाय वो. आमाला कामच करू देत न्हाई.”

“तू काम करनारी असतीस तर तुझ्या सासूनं हितं कशाला धाडली असती?” मी म्हणाले. ती उठली. मग मी बाकीच्यांकडं नुसतं बघितलं. तेही उठले. येसाजी सगळ्यांत शेवटी उठला, विडी विझवून कानावर ठेवून.

घरी आल्यावर मी लखूला चुलीपाशी बसवलं. केशर भाकऱ्या थापत होती.

“ती भाकरी बग. एका अंगानं जाड. सात वर्सं झाली, एका अंगानं जाडच थापते.”

“मला ऐकू येतंय, आत्ती,” केशर म्हणाली.

“ऐकू यावं म्हनूनच बोलते. लखू, मी कवा तिच्या हातातला पिठाचा गोळा काढून घेतला? एकोणीस मानसांचं घर चालवते मी. माझे हात कुठं असत्यात?”

“कमरंवर,” केशरनंच उत्तर दिलं.

“कमरंवर न्हाईतर पाठीमागं. हात लावलास की गेलास. खड्डा तिरका खनला? खनू दे. सांजचं मोज, आन् सकाळी त्यालाच परत खनायला लाव. दुसऱ्यांदा सरळ खनतोय का न्हाई बग.”

लखूनं भाकरीची जाड कड बोटानं चाचपली. मग म्हणाला, “तिची भाकरी जाड झाली तर तुला त्याच दिशी कळतं. माझं कळायला वरीस लागतं, आये. तवर सगळं खोरं लावून झालेलं असंल.”

 मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हटलं, जेव.

दुसऱ्या दिवसापासून तो हात पाठीमागं बांधून उभा राहायला लागला. येसाजीकडून एकच खड्डा तीनदा खणून घेतला, ही गोष्ट विहिरीवर माझ्या आधी पोचली होती. बायका मला रहाटावर पहिला नंबर द्यायला लागल्या. “मुकादमाची आई आली, सरा,” म्हणायच्या. मी नको नको म्हणत घागर पुढं करायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

मग नाचणीचं बी निवडायचा दिवस आला.

बी निवडणं मी कुणाच्या हाती देत नाही. सुपात घ्यायचं, पाखडायचं, पोकळ पुढं येईल ते काढायचं, बारीक काढायचं, किडकं काढायचं. टपोरं तेवढं बियाण्याला. सासूनं मला शिकवलं, मी चाळीस वर्षं करते आहे. हात आपला आपण चालतो, डोकं भलतीकडं असलं तरी. त्या दिवशी डोकं लखूच्या आठव्याकडंच होतं. शेणात मुरवलेल्या काकडीच्या बिया चांगल्या उगवतात. भोपळ्याच्या उगवतात. मग सागाच्याच का मेल्या? त्यानं माझ्या डोक्यातसुद्धा तो किडा सोडला होता.

केशरनं काढून टाकलेल्या बियांचा ढीग दाखवून विचारलं, “आत्ती, हे हलकं कुठं टाकू?”

“टाकतेस कशाला? त्या दुसऱ्या गोणीत घाल,” मी म्हणाले.

म्हणाले, आणि सूप तसंच हातात राहिलं.

गेल्या साली लखूनं वारुळातली गोणी उकरून ओसरीवर आणून ठेवली होती आणि तो वाफे नीट करायला नाल्यावर गेला होता. सगळ्या बिया चिखलानं माखलेल्या. शेजारीच शेणकाल्यातून काढलेली आठव्याची गोणी वाळत होती. ओसरीवर चिखल मला बघवत नाही. मी सातव्याच्या बिया धुतल्या, आणि धुतलेलं बी समोर आल्यावर हात सुपाकडं जाणारच. पोकळ, बारकं, चेपलेलं सगळं वेगळं काढलं, दोनशेच्या आसपास. पण लखू पाचशे मोजून पेरतो हे मला माहीत होतं. कमी भरलं तर पोरगा हैराण होईल. म्हणून तेवढ्याच टपोऱ्या बिया आठव्यातून निवडून सातव्यात घातल्या; आठव्यात टपोरं असं फारसं उरलंच नाही. आणि सातव्यातला कचरा आठव्यात, बी वाया जाऊ नये म्हणून. दोन्हीकडं पाचशेला पाचशे. काम झालं, हात धुतले, विसरले. त्यात लक्षात ठेवण्यासारखं होतं काय? घरात बी आलं की बाई ते निवडतेच.

शेण विषारी नव्हतं. वाळवीनं केलं की नाही केलं, तेही आता कुणाला सांगता येणार नव्हतं. माझ्या लेकाची मुकादमी माझ्या सुपातून निघाली होती.

“आत्ती, काय झालं?” केशर म्हणाली.

“काय न्हाई. तू तुझी भाकरी बग.”

“भाकऱ्या कवाच झाल्या.”

ती दुपार मी परसात वारुळाकडं बघत काढली. सांगितलं तर काय होईल? मुकादमी जाईल, रहाटावरचा नंबर जाईल, लखू परत नुसता मोजणारा होईल आणि त्यालाही कदाचित कुणी मोजू देणार नाही. नाही सांगितलं तर? कुणाला कळणार होतं! वाळवी काही साक्ष द्यायला येत नाही. पण मग तीनशे गोण्या जमिनीत जातील, खोरं लावून होईल, आणि पुढच्या साली तिथं उघडा डोंगर दिसेल. तेव्हा येसाजी परत माझ्या दारात येईल, ताक मागेल आणि म्हणेल, “वैनी, वाईट झालं वो लखूचं.” वर कीव करेल. ते तोंड माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मी उठले.

बेस्तरवारी पहिल्या गोण्या पुरायच्या होत्या. साहेब घोड्यावरून आला, घडीच्या खुर्चीवर बसला. चाळीस माणसं खड्ड्यांपाशी उभी. लखू हात पाठीमागं घेऊन. मी सूप काखेत धरून सरळ साहेबापुढं जाऊन उभी राहिले. लखूला घरीच सांगायला हवं होतं, हे कबूल. पण घरी सांगितलं असतं तर त्यानं माझ्यासाठी ते पोटात ठेवलं असतं, आणि ते मला नको होतं.

“सायब, गोन्या पुरू नगा. सातवा वाफा खोटा हाय. खोटा म्या केला.”

आणि सगळं सांगितलं. धुतलं कसं, पाखडलं कसं, घातलं कुठं. सूप काखेतून काढून करून दाखवलं. साहेबाला आमची भाषा येत होती, पण सुपाचं काम समजायला त्याला पुंडलिकाला दोनदा विचारावं लागलं. 

मी लखूकडं बघितलं नव्हतं. बघितलं तेव्हा हा माणूस हसत होता! कित्येक महिने अडकलेला काटा निघाल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

“म्हंजे शेनाचा दोष न्हाई!” तो ओरडला. “आये, किती काढल्यास? दोनशे नक्की? पोकळ किती, बारकं किती? आठव्यात पोकळच पडलं म्हनून नऊ!” आणि मग, पाण्यात दगड बुडावा तसं ते हसू खाली खाली गेलं. “म्हंजे सातव्याचं बी काय ठरलं न्हाई.”

“न्हाई,” मी म्हणाले.

साहेबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खड्ड्यांच्या रांगेवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. मला वाटलं आता गेली. मग तो लखूला म्हणाला, “मुकादम तू आहेस. काय करायचं ते सांग.”

लखूनं पाठीमागचे हात सोडले. परत बांधले. त्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण तो आवाज मी आधी ऐकला नव्हता.

“वारुळाचे खड्डे थांबवा. खोऱ्यातलं निम्मंच लावायचं औंदा, भिजवून-वाळवून. त्याला आयचा हात लागल्याला न्हाई. आन् नाल्याकाठचे बाराच्या बारा वाफे परत घालायचे. वर तेरावा, नुसत्या सुपानं निवडलेल्या बियांचा. बाकी काय न करता.”

“आणि मोजणार कोण?” साहेब म्हणाला. “तू नाही. तुला चाळीस माणसं आहेत.”

लखूनं माणसांवरून नजर फिरवली. येसाजीला राहवलं नाही. “आयलाच बशिवा की, मुकादम. हात लई चांगला चालतोय त्यांचा.”

माणसं हसली. लखू हसला नाही.

“व्हय. आयलाच बशिवनार. तिला आकडे येत्यात, खानापुरात दोन वर्सं शाळंला गेलीया. आन् चुकलं तर सगळ्यांदेखत सांगती. तू सांगितलं असतंस, येसाजी?”

येसाजीनं कानावरची विडी काढली, बघितली, परत ठेवली.

साहेब उठला. मुकादमीचं पुढच्या साली वाफे बघून ठरवू, एवढंच बोलला आणि घोड्यावर बसला. गेली असं म्हणाला नाही, राहिली असंही नाही. त्यामुळं बायका अजूनही मला रहाटावर पुढं सोडतात, पण आता आधी एकमेकींकडं बघतात.

घरातली पळी मी केशरच्या हातात दिली. देताना दोनदा परत घेतली. तेराव्याचं बी निवडून झाल्यावर लखूनं मला नाल्याकाठी नेलं, आणि वाफ्यांच्या कडेला उभं करून बोलला. त्याच्या बापाच्या मागं माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

“हात लावायचा न्हाई. ढेकूळ हलवायचं न्हाई, रोप सावरायचं न्हाई, मरत असंल तर मरू द्यायचं. पानी किती घालायचं ते पुंडलिक सांगंल, त्याच्या वर थेंब न्हाई. फकस्त मोजायचं. आन् हाय तेच सांगायचं.”

“आन् मी तुझी आई हाय त्याचं काय?”

“ती घरी.”

मी व्हय म्हणाले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आठव्या वाफ्यात माती चिरली. मी खाली वाकले. कोंब होता, पिवळट, मानेशी वाकलेला, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर लिंबाएवढं ढेकूळ. एका बोटानं सरकलं असतं. माझा हात पुढं गेलाच. समोरच्या उतारावर लखू उभा होता. येसाजी त्याच्यापुढं रोपासाठी खड्डा खणत होता, सरळसरळ तिरका, मला एवढ्या लांबून दिसत होता. लखूचे हात पाठीमागं होते, आणि डोळे माझ्याकडं.

मी हात मागं घेतला आणि मांडीखाली दाबून बसले.

केशर भाकरी घेऊन आली. एका अंगानं जाड. ढेकळावरून डोळा न काढता मी ती सगळी खाल्ली. ऊन डोक्यावर आलं. तो कोंब वर जाईना, मरेना. मग केव्हातरी, मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेवढ्यात, त्यानं ढेकळाच्या बगलेतून मान बाहेर काढली.

मी बोट मुडपलं.

“पुंडलिका, लिही. आठव्यात एक.”